टर्मिनलमध्ये फाईल शोधायची, मेल वाचायची : वाचकांचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि तेव्हापासून इंदूरमधल्या आपल्या कितीतरी घरांत जुना कॉम्प्युटर फेकायच्या ऐवजी मुलांनी, नातवांनी त्यावर लिनक्स टाकून दिलंय. मशीन छान चालतं, पण मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला परत गेला की घरी उरतात आई-बाबा आणि ती टर्मिनल नावाची काळी खिडकी. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत दोनच गोष्टी आहेत, फाईल सापडत नाही आणि मेल कुठे जाते कळत नाही, म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच.

एक सूचना आधी. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाईप करताना इंग्रजी अक्षरांत करायच्या आणि मी मुद्दाम "मोठा" म्हटलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. आकडेही इंग्रजीतच. डॅश, तारा, अवतरण चिन्ह जसं छापलंय तसंच हवं, स्पेसही तिथेच हवी. अवतरण चिन्हात मराठी शब्द असेल आणि तुमच्या फाईलचं नाव मराठीत असेल तर तो मराठीतच टाईप करा, चालतो.

प्रश्न (राजेंद्रनगरहून एक काकू): महिला मंडळाची सभासद यादी मी मागच्या महिन्यात टाईप करून सेव्ह केली होती, आता कुठे केली ते आठवत नाही. मुलाने फोनवर सांगितलं की फाइंड लिही, लिहिलं तर स्क्रीनभर ओळीच ओळी धावायला लागल्या, मी घाबरून कॉम्प्युटरच बंद केला. काही बिघडलं तर नाही ना?

उत्तर: काकू, काहीही बिघडलेलं नाही. फाइंड नुसतं बघतं आणि सांगतं, स्वतःहून काही पुसत नाही की हलवत नाही. तुम्ही त्याला काय शोधायचं ते सांगितलं नाही म्हणून ते तुम्ही होता त्या फोल्डरच्या खाली जे जे आहे ते सगळं वाचून दाखवत सुटलं. पुन्हा असं झालं तर कंट्रोल दाबून सी दाबा, थांबतं लगेच.

फाइंडची खरी खुबी अशी की तुम्हाला फाईलबद्दल जे आठवतं तेवढंच त्याला सांगायचं. नावाचा तुकडा आठवतो का, साधारण कधी केली ते आठवतं का, मोठी होती की छोटी, यातलं काहीही चालतं. तुमच्या यादीच्या नावात सभासद हा शब्द असणार असं धरून चालू:

फाइंड ~ -आयनेम "*सभासद*"

ती नागमोडी खूण म्हणजे तुमचं स्वतःचं घर, म्हणजे तुमच्या नावाचं फोल्डर आणि त्याच्या आतलं सगळं. तारा म्हणजे इथे काहीही असू शकतं, म्हणून सभासद यादी असो, नवीन सभासद असो, सगळं सापडेल. आयनेम मधला आय लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक सोडून देतो, मराठीत तो प्रश्न नाही पण सवय ठेवलेली बरी कारण निम्म्या फाईलींची नावं आपण इंग्रजीतच ठेवतो. आणि अवतरण चिन्हं विसरू नका, ती नसली तर टर्मिनल त्या ताऱ्याचा अर्थ स्वतःच लावून मोकळं होतं आणि फाइंडपर्यंत भलतंच काहीतरी पोचतं. कधी चालतं कधी चालत नाही असं होतं त्याचं कारण हेच.

नाव अजिबात आठवत नसेल तर दिवसांवरून शोधा:

फाइंड ~ -टाइप एफ -एमटाइम -४५ -एलएस

टाइप एफ म्हणजे फक्त फाईली, फोल्डर नकोत. एमटाइम -४५ म्हणजे गेल्या ४५ दिवसांत ज्यात शेवटचा बदल झाला त्या. डॅशच्या जागी अधिकचं चिन्ह लावलं तर उलटं, त्यापेक्षा जुन्या. शेवटच्या एलएस मुळे नुसतं नाव न येता तारीख आणि साईजही शेजारी येते, त्यावरून ओळखायला सोपं जातं. यात डॉटने सुरू होणारी लपवलेली फोल्डरंही येतील, ब्राउझरचा वगैरे पसारा असतो तो, तिकडे बघायचं नाही. नाव आणि दिवस दोन्ही एकत्र दिले तर दोन्ही अटी पाळणारी फाईलच दाखवतो, एकामागे एक लिहायच्या बस्स.

मराठी नावांत एक अडचण येते ती कुठल्याच मदतीच्या पानावर लिहिलेली दिसत नाही म्हणून इथे नीट सांगते. "दुसऱ्या", "सुट्टीतल्या गोऱ्या नदीचे फोटो" असा तो रफार नसलेला, भुवईसारखा र असलेला शब्द कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतींनी लिहिला जातो. एक कीबोर्ड त्यासाठी नुक्ता, म्हणजे खाली ठिपका, असलेला र वापरतो, दुसरा साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, कॉम्प्युटरला वेगवेगळे. तुम्ही फोनवर नाव दिलेली फाईल कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून शोधली की सापडतच नाही आणि माणूस म्हणतो फाईल उडाली. हिंदीतल्या सड़क, पढ़ाई अशा नुक्तावाल्या अक्षरांचंही तेच, आणि आपल्याकडे अर्धी कागदपत्रं हिंदीतच असतात. उपाय सोपा आहे, त्या अक्षराच्या जागी तारा टाका. "*दुस*सभा*" असं शोधलं की दोन्ही सापडतात.

प्रश्न (लोकमान्य नगरहून एक वाचक): रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे फोटो, २०२५ चे, राजवाड्यावर काढलेले, लॅपटॉपमध्ये आहेत नक्की, पण हजारो फोटोंत मिसळलेत. तारखेवरून काढता येतील का?

उत्तर: येतील. रंगपंचमी २०२५ मध्ये १९ मार्चला होती, तर असं लिहा:

फाइंड ~ -आयनेम "*.जेपीजी" -न्यूअरएमटी "२०२५-०३-१९" ! -न्यूअरएमटी "२०२५-०३-२०"

१९ पासून पुढचे, पण २० पासून पुढचे नकोत, असा त्याचा अर्थ. उद्गारचिन्ह म्हणजे नको. त्याच्या दोन्ही बाजूंना स्पेस सोडा.

पण यात एक लक्षात घ्या की ही तारीख फाईलमध्ये शेवटचा बदल झाल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे, आणि एका पेनड्राईव्हवरून दुसरीकडे कॉपी करताना ती बदलून कॉपी केली त्या दिवसाची होऊ शकते. कॉपी करताना सीपी -पी लिहिलं तर मूळ तारीख टिकते. मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंचा तर आणखी वेगळा प्रकार, त्यातली कॅमेऱ्याची माहिती गळून जाते, पण अँड्रॉइड फोनवर सेव्ह झालेल्या फोटोच्या नावातच तो आला त्या दिवसाची तारीख असते. म्हणून तारखेने नाही सापडले तर नावाने शोधा, फाइंड ~ -नेम "*२०२५०३१९*", आणि मित्राने दोन दिवसांनी पाठवले असतील तर २० आणि २१ चेही बघा. या दोन्ही पद्धती मिळून जवळजवळ सगळे हाती लागतात.

प्रश्न (भंवरकुआं भागात रूम घेऊन राहणारा एक विद्यार्थी): दादा-ताई जे कोणी असाल, लॅपटॉपची डिस्क फुल झालीय. नेटवर कुठेतरी वाचलं की फाइंडला डिलीट लावलं की सगळा कचरा एका झटक्यात साफ होतो. लावू का?

उत्तर: थांब रे बाळा, आधी पूर्ण वाच.

पहिलं काम म्हणजे जागा कोण खातंय ते बघणं:

डीयू -एच ~ | सॉर्ट -आर -एच | हेड -एन २०

डीयू प्रत्येक फोल्डरची साईज काढतं, सॉर्ट मोठ्यापासून लहानाकडे लावतं, हेड पहिली वीस दाखवतं. मधल्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात, एका कमांडचं उत्तर दुसरीच्या हातात द्यायची सोय. डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना मांडली आणि १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर घडलं त्या जुन्या सिस्टिममध्ये आली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक कमांड छोटी राहू शकते आणि तरी मोठं काम होतं. तू कॉम्प्युटरचं शिकतोयस तर यावर एक संध्याकाळ घालवच.

मग मोठ्या फाईली:

फाइंड ~ -टाइप एफ -साइज +५००एम -एलएस

यातला एम मोठा. अर्धा जीबी आणि वरच्या फाईली येतील, बहुतेक वेळा लेक्चरचे व्हिडिओ आणि दोनदा डाउनलोड केलेल्या आयएसओ फाईली निघतात.

आता डिलीटचं. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे वाचतं. डिलीट सगळ्यात शेवटी लिहिलं तर आधीच्या अटी पाळणाऱ्या फाईलीच जातात. तेच डिलीट अटींच्या आधी लिहिलं तर अट तपासायच्या आधीच पुसणं सुरू होतं, म्हणजे घरातलं सगळं जातं, प्रोजेक्ट, रिझ्युमे, सगळं, आणि इथून गेलेलं कचरापेटीत जात नाही, थेट जातं. म्हणून तू डिलीट लावूच नकोस. त्याऐवजी हे लाव:

फाइंड ~/डाउनलोड्स -टाइप एफ -साइज +५००एम -ओके आरएम {} \;

ओके प्रत्येक फाईलचं नाव दाखवून विचारतं, पुसू का? वाय दाबलं तरच पुसतं. डाउनलोड्स मधला डी मोठा आहे बरं का, लिनक्समध्ये लहान डी वेगळा आणि मोठा वेगळा. आणि नेटवर तुला फाइंडच्या पुढे पाइप लावून एक्सआर्ग्स आरएम असं लिहिलेलं दिसेल, ते स्पेस असलेल्या नावांवर घात करतं. "फायनल रिपोर्ट" नावाची एक फाईल त्याला फायनल आणि रिपोर्ट अशा दोन वाटतात आणि रिपोर्ट नावाची वेगळी फाईल तिथे असेल तर ती जाते. एक्सआर्ग्स वापरायचंच असेल तर फाइंडला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्सला -० लावायचं, दोघांना. आपल्याकडे सगळ्यांच्याच फाईलींच्या नावांत स्पेस असतात, त्यामुळे ही गोष्ट डोक्यात पक्की बसव.

प्रश्न (स्नेहलतागंजहून एक निवृत्त शिक्षक): माझे वीसेक वर्षांचे लेख, भाषणं, संस्थेचे अहवाल एका फोल्डरमध्ये आहेत. फाईलचं नाव नाही, आतला मजकूर शोधायचा आहे. ग्रेप नावाची कमांड वापरून बघितली, "अहिल्याबाई" टाईप केलं, एकही फाईल नाही आली. निम्म्या लेखांत अहिल्याबाई आहेत हो.

उत्तर: सर, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण हा प्रश्न आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या लेखकाचा आहे आणि त्याचं उत्तर आहे.

ग्रेप अशी वापरतात:

ग्रेप -आर -एल "अहिल्याबाई" ~/लेख

आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांतही जा, एल म्हणजे ओळी नको, फक्त फाईलींची नावं सांग. हे बरोबर असूनही काही आलं नाही त्याची दोन कारणं, आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत.

पहिलं कारण, वर्डची फाईल ही साधा मजकूर नसते. नवी डॉकएक्स फाईल तर आतून झिप केलेली असते, ग्रेपला तिच्यात अक्षरंच दिसत नाहीत. लिब्रेऑफिस अख्ख्या फोल्डरच्या फाईलींची साध्या मजकुरात प्रत काढून देतं. सीडी ~/लेख करून त्या फोल्डरमध्ये जा, लिब्रेऑफिसची खिडकी उघडी असेल तर बंद करा आणि हे द्या:

सॉफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू टीएक्सटी:टेक्स्ट --आउटडिर ~/साधे *.डॉक*

टेक्स्ट मधला टी मोठा. मूळ फाईलींना हात लागत नाही, साधे नावाच्या नव्या फोल्डरमध्ये प्रती तयार होतात. ग्रेपला मग ~/लेख ऐवजी ~/साधे द्यायचं. पीडीएफसाठी पीडीएफटूटेक्स्ट वेगळं आहे, पण पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेला फोटो असेल तर त्यात मजकूरच नसतो, तिथे हे उपयोगाचं नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. २००५-०६ च्या आसपासचे तुमचे लेख कृतिदेव किंवा श्रीलिपीत असणार. या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते पण फाईलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांचं चित्र बदलून दाखवतो. कृतिदेवमध्ये "भारत" लिहिलं तर आत असतं मोठा एच, के, के, जे, आर. मग युनिकोडमधला, म्हणजे आताच्या प्रमाण देवनागरीतला अहिल्याबाई त्यात सापडणार कसा?

करायचं असं. त्यातली एक फाईल, साध्या मजकुरातली, एडिटरमध्ये उघडा. सगळी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील. मूळ लेख शेजारी उघडून अहिल्याबाई कुठे येतं ते ओळखा, ती अक्षरं कॉपी करा आणि ग्रेपला तीच द्या, पण मोठा एफ लावून, म्हणजे ग्रेप -आर -एल -एफ, आणि मजकूर एकेरी अवतरण चिन्हांत. मोठा एफ यासाठी की कृतिदेवमध्ये ख साठी चौकोनी कंस येतो आणि अशी बरीच चिन्हं येतात, ग्रेप त्यांचा खास अर्थ लावतं, मोठा एफ सांगतो की काही अर्थ लावू नकोस, जसं आहे तसं शोध. शोधायच्या मजकुरातच एकेरी अवतरण चिन्ह येत असेल तर शब्दाचा दुसरा तुकडा घ्या. आणि लहान-मोठा फरक सोडून देणारा तो -आय इथे अजिबात लावू नका, कारण कृतिदेवमध्ये लहान के म्हणजे काना आणि मोठा के म्हणजे ज्ञ, सगळा घोळ होईल.

सर, जमलं तर सगळं युनिकोडमध्ये करून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, नंतर जोडाक्षरं एकदा नजरेखालून घालावी लागतात. मेहनत आहे पण तुमचे लेख पुढच्या पिढीला शोधता यायचे असतील तर ती करायलाच हवी, हे मी अगदी मनापासून सांगते.

प्रश्न (सुदामानगरहून): फाइंड फार वेळ लावतं. मित्र म्हणतो लोकेट वापर, लगेच सापडतं. पण सकाळी केलेली फाईल लोकेट दाखवत नाही.

उत्तर: लोकेट डिस्क बघतच नाही, त्याची एक आधीच तयार केलेली यादी असते, त्यात बघतं. ती यादी साधारण दिवसातून एकदा नवी होते. आत्ताच नवी करायची तर सुडू अपडेटडीबी. जुनं काही शोधायचं असेल तर लोकेट, आजचं शोधायचं असेल तर फाइंड.

प्रश्न (विजयनगरहून, छोट्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळणारा एक वाचक): लॉगिन केलं की लिहून येतं यू हॅव न्यू मेल. आमची मेल तर जीमेलवर असते, ही कुठली मेल? व्हायरस तर नाही?

उत्तर: व्हायरस नाही, आणि खरं तर ही मेल तुम्ही रोज वाचायला हवी.

युनिक्समध्ये मेल ही कमांड १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच आहे. तेव्हा एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक माणसं काम करायची आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्या माणसासाठी निरोप ठेवायचा तर ही कमांड. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर मेल पाठवून दाखवली, पत्त्यातलं ते अ‍ॅट चिन्ह त्यांचंच. पण मशीनच्या आतल्या आत मेल ठेवायची जुनी सोय अजून तशीच आहे, तिला इंटरनेट लागत नाही.

तुमच्या सर्व्हरवर क्रॉन ठरलेल्या वेळी काही कामं करतं, रात्रीचा बॅकअप वगैरे. त्या कामातून काही लिहून आलं, एरर आली, की क्रॉन ते मेल करून तुमच्या नावाने ठेवून देतं. म्हणजे बॅकअप होत नसेल तर ती खबर याच मेलमध्ये पडून असते आणि कोणी वाचत नाही. कृपा करून आजच वाचा.

नुसतं मेल लिहून एंटर करा. कमांड नाही असं म्हणालं तर बीएसडी-मेलएक्स किंवा मेलयूटिल्स इन्स्टॉल करा. समोर नंबर लावलेली यादी येते. नंबर टाईप केला की ती मेल उघडते, एच ने यादी परत येते, डी ने पुसते, चुकून पुसलं तर यू ने परत, एस आणि फाईलचं नाव दिलं की मेल फाईलमध्ये जाते. बाहेर पडताना दोन रस्ते आहेत आणि फरक मोठा आहे. क्यू ने निघालात तर पुसलेल्या मेल खरोखर जातात आणि वाचलेल्या मेल तिथून उचलून तुमच्या घरातल्या एमबॉक्स नावाच्या फाईलमध्ये टाकल्या जातात, मग माणूस म्हणतो काल वाचलेली मेल आज नाही. एक्स ने निघालात तर काहीच बदलत नाही. उत्तर द्यायचं असेल तर लहान आर आणि मोठा आर यांचा अर्थ वेगवेगळ्या सिस्टिमवर उलटसुलट आहे, एकात सगळ्यांना जातं एकात फक्त पाठवणाऱ्याला, म्हणून वर टू मध्ये कोण आलंय ते वाचल्याशिवाय पाठवू नका.

या सगळ्या मेल /व्हार/मेल/ मध्ये तुमच्या नावाच्या एका साध्या फाईलमध्ये असतात. साध्या म्हणजे अगदी साध्या मजकुराच्या, त्यामुळे ग्रेप त्यातही चालतं. शेकडो मेल साचल्या असतील तर एकेक उघडू नका, ग्रेप -आय "एरर" /व्हार/मेल/ आणि पुढे तुमचं नाव, एरर इंग्रजीत लिहून, लगेच कळेल कुठे दुखतंय.

प्रश्न (रामबागेतून एक ताई): बाबांच्या कपाटात एक सीडी निघाली. त्यावर १९९८-९९ च्या मेल आहेत असं त्यांच्या अक्षरात लिहिलंय. काका तेव्हा अमेरिकेत होते. बाबा आता नाहीत. फाईलींच्या नावांना एक्स्टेन्शन नाही, डबल क्लिक केलं तर उघडत नाहीत. वाचता येतील का?

उत्तर: ताई, सीडी खराब झाली नसेल तर येतील, आणि मला वाटतं छान येतील.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सगळ्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट असायचं. मोडेमवरून डायल करायचं आणि समोर चित्रं नाहीत, फक्त अक्षरं, आतमध्ये युनिक्स. मेल वाचायला पाइन नावाचा प्रोग्राम असायचा, वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला. तुमच्या बाबांनी तोच वापरला असणार. पाइन सगळ्या मेल एका फाईलमध्ये एकाखाली एक ठेवायचं, सेंट-मेल, सेव्ह्ड-मेसेजेस अशी नावं दिसतील. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. प्रत्येक मेलची सुरुवात फ्रॉम, मग स्पेस, या ओळीने होते.

आधी सीडीवरचं सगळं घरी कॉपी करा आणि त्याची आणखी एक प्रत पेनड्राईव्हवर. सीडीला पुन्हा पुन्हा त्रास देऊ नका. मग किती मेल आहेत ते बघा:

ग्रेप -सी "^फ्रॉम " सेंट-मेल

यात एफ मोठा आणि शब्दानंतर एक स्पेस. ती टोपीसारखी खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीलाच. मेलच्या मजकुरात कोणी फ्रॉम ने ओळ सुरू केली असेल तर ती गोंधळ करू नये म्हणून तिच्या आधी बाणाचं चिन्ह टाकलेलं असतं, त्यामुळे मोजणी जवळपास बरोबर येते.

वाचायला मट इन्स्टॉल करा. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला प्रोग्राम, अजून जिवंत आहे.

मट -आर -एफ सेव्ह्ड-मेसेजेस

यातला आर मोठा, त्याचा अर्थ फक्त वाचायचं, काही बदलू द्यायचं नाही. यादी येईल, एंटरने मेल उघडते, आय ने परत यादीत. आणि आता महत्त्वाचं, यादीत असताना एल दाबा आणि ~एफ लिहून काकांचं नाव लिहा, फक्त त्यांच्या मेल उरतील. ~एस विषयात शोधतं, ~बी आतल्या मजकुरात. दोन्ही एकत्र लिहिलं तर दोन्ही अटी. पुन्हा सगळं दिसायला एल दाबून ऑल लिहा. व्ही दाबलं की मेलला जोडलेल्या फाईली दिसतात, फोटो असेल तर त्यावर जाऊन एस ने सेव्ह करा.

त्या काळी घरच्या मेल इंग्रजी लिपीत मराठी अशाच लिहायचे, आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. आई हा एक शब्द तीन-चार प्रकारे लिहिलेला दिसेल. एका स्पेलिंगवर थांबू नका, बाबांचं स्पेलिंग एकदा ओळखीचं झालं की मग भराभर सापडत जाईल. सेव्ह्ड-मेसेजेस मधल्या काकांच्या मेल आणि सेंट-मेल मधल्या बाबांच्या मेल दोन्ही तारखेने शेजारी लावून वाचा, प्रश्न एकात आणि उत्तर दुसऱ्यात आहे.

प्रश्न (महूहून): थंडरबर्ड वापरतो. त्याच्या मेल डिस्कवर नेमक्या कुठे असतात? ग्रेपने शोधल्या तर डिलीट केलेल्याही सापडल्या, असं कसं?

उत्तर: थंडरबर्डही मुळात एमबॉक्सच वापरतं. लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि नव्या उबंटूत जागा वेगळी आहे म्हणून पाठ करू नका, शोधा, फाइंड ~ -टाइप एफ -आयनेम "इनबॉक्स". तिच्या शेजारी एमएसएफ शेवटाची फाईल असते ती नुसती सूची.

डिलीट केलेली मेल थंडरबर्ड लगेच फाईलमधून काढत नाही, फक्त खूण करून लपवतं. कॉम्पॅक्ट फोल्डर्स केलं की खरी जाते. म्हणून महत्त्वाची मेल चुकून पुसली असेल तर कॉम्पॅक्ट करू नका, आधी थंडरबर्ड बंद करून त्या फाईलची प्रत काढा आणि प्रतीत शोधा.

आणि मराठी मेल ग्रेपने सापडत नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. मेलमधला मराठी मजकूर आणि विषय बहुतेक वेळा बेस-६४ नावाच्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत गुंडाळून पाठवलेला असतो. ग्रेप ते उलगडत नाही. मट उलगडून मग शोधतं, म्हणून मराठीसाठी मटच.

प्रश्न (तिलकनगरहून एक वाचक): जीमेल मटमध्ये वाचता येते म्हणतात. पासवर्ड बरोबर टाकला तरी आत घेत नाही.

उत्तर: गूगलने ३० मे २०२२ पासून अशा प्रोग्रामना नेहमीचा पासवर्ड देऊन आत येणं बंद केलंय. खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, मग अ‍ॅप पासवर्ड काढा, सोळा अक्षरांचा मिळतो, मटने विचारलं की तो द्यायचा. मटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये तो लिहून ठेवू नका, घरचा कॉम्प्युटर असला तरी. त्या फाईलमध्ये, म्हणजे ~/.मटआरसी मध्ये, दोन ओळी पुरतात:

सेट आयमॅप_यूजर = "तुमचा पत्ता"
सेट स्पूलफाइल = "आयमॅप्स://आयमॅप.जीमेल.कॉम/"

बँका आणि दुकानांच्या मेल नुसत्या एचटीएमएल असतात, त्या मटमध्ये कचऱ्यासारख्या दिसतील, त्यासाठी डब्ल्यू३एम हा टर्मिनलमधला ब्राउझर इन्स्टॉल करून ~/.मेलकॅप मध्ये त्याची ओळ घालावी लागते आणि मटला ऑटो_व्ह्यू सांगावं लागतं. मराठी मेलमधल्या मात्रा काही टर्मिनलमध्ये सरकलेल्या दिसतात, तो दोष टर्मिनलचा, मेल नीट असते. दुसरं टर्मिनल लावून बघा, कॉन्सोल किंवा ग्नोमचं, ज्यात वाचता येईल ते ठेवा.

प्रश्न (देवासहून): माझ्याकडे विंडोज ११ आहे. यातलं काही चालेल का?

उत्तर: चालेल. पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल द्या आणि मशीन रीस्टार्ट करा, आत उबंटू येतं. तुमच्या सी ड्राईव्हवरच्या फाईली /एमएनटी/सी मध्ये दिसतील, फाइंडला ~ च्या जागी तो पत्ता द्यायचा, बाकी सगळं वर लिहिलंय तसंच. तिकडे शोधायला थोडा वेळ जास्त लागतो, आणि परमिशन डिनाइडच्या ओळी फार यायला लागल्या तर कमांडच्या शेवटी २>/डेव/नल जोडा.